मोफत केसपेपर, मिनिटाला सहा रुपये

१५ ऑगस्ट २०२३पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या उपजिल्हा रुग्णालयात आता तपासणी, गोळ्या, सलाईन, बाळंतपण, सगळं फुकट. फुकट अर्थातच पेशंटला. सिस्टरचा पगार, लॅबची रसायनं, जनरेटरचं डिझेल, रात्री फरशी पुसणाऱ्या मावशींची मजुरी हे कुणीतरी भरतंच. मग राणीसावरगावहून ताप घेऊन आलेल्या माणसावर सरकारचे नेमके किती पैसे गेले?

सरळसोट उत्तर असं की वर्षाचा एकूण खर्च घ्या आणि पेशंटांच्या संख्येनं भागा. भागाकार बरोबर येतो, उत्तर चुकतं. पाच जण खानावळीत गेले, दोघांनी नुसता चहा घेतला, तिघांनी थाळी हाणली आणि बिल पाचांत सारखं वाटलं, असा हा प्रकार. चहावाले दोघे पुन्हा कधी बरोबर येणार नाहीत!

यावर तोडगा म्हणून जो हिशेब निघाला त्याचं नाव ‘ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग’, लाडानं ‘एबीसी’. पेशंटसाठी काय काय केलं, कुणी केलं आणि किती वेळ केलं, एवढंच तो विचारतो. उत्तरं मात्र भलतीच मजेशीर निघतात.

ट्रॅक्टरमागून आलेला हिशेब

ही पद्धत दवाखान्यात जन्मली नाही. तिची गाजलेली सुरुवातीची केस आहे जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीच्या अमेरिकेतल्या सुट्या भागांच्या कारखान्याची. तिथं १९८०च्या दशकात कोडं पडलं. हजारोंनी लागणाऱ्या पार्टांची कामं दुसरेच पळवायचे आणि मूठभर लागणारे पार्ट मात्र हमखास याच कारखान्याकडे यायचे. कारण उघड होतं, पण कागदावर दिसत नव्हतं. वरकड खर्च मजुरीच्या आणि मशीनच्या तासांवर सरसकट वाटला जायचा. दहा पार्टांसाठीही मशीन जुळवायला, माल हलवायला, कागद रंगवायला तेवढाच वेळ जातो. तो वेळ त्या दहा पार्टांच्या नावे पडतच नव्हता. त्यामुळे किरकोळ काम स्वस्त दिसायचं आणि ठोक काम महाग.

हार्वर्डचे रॉबर्ट कॅपलन आणि रॉबिन कूपर यांनी असल्या कारखान्यांचा अभ्यास करून दशक संपायच्या आत पद्धत मांडली. यातले कॅपलन शिक्षणानं इलेक्ट्रिकल इंजिनिअर. हिशेबनिसांना हिशेब शिकवायला वायरिंगवाला यावा लागला! त्याच जॉन डिअरचा कारखाना आपल्याकडे पुण्याजवळ सणसवाडीला आहे, आणि त्याचे हिरवे ट्रॅक्टर मराठवाड्याच्या शिवारातही फिरतात.

दवाखान्यांत ही गोष्ट खऱ्या अर्थानं गाजली ती २०११मध्ये. कॅपलन आणि मायकेल पोर्टर यांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये लिहिलं की आरोग्यसेवा महाग का होते यावर सगळे भांडतात, पण एका पेशंटवर खर्च किती होतो ते बहुतेक दवाखान्यांना ठाऊकच नसतं. दर ठाऊक असतो, बिल ठाऊक असतं. खर्च ही तिसरीच गोष्ट.

सिस्टरचं एक मिनिट

आता पाटी-पेन्सिल घ्या. खालचे आकडे मानलेले आहेत, कुण्या दवाखान्याचे नाहीत. समजा एका सिस्टरवर महिन्याला सगळं मिळून ६०,००० रुपये खर्च होतात. २६ दिवस, आठ तासांची ड्युटी, म्हणजे १२,४८० मिनिटं. पण माणूस काही मशीन नाही. चहा आहे, चार्ज घेणं-देणं आहे, मीटिंग आहे, पाठ मोडल्यावर दोन मिनिटं टेकणं आहे. म्हणून कॅपलन सांगतात की सुमारे ८० टक्केच वेळ कामाचा धरा. उरली जवळपास १०,००० मिनिटं. भागाकार करा: मिनिटाला सहा रुपये.

हा आकडा हातात आला की वॉर्ड वेगळाच दिसू लागतो. ‘सिस्टर, सलाईन संपलं!’ या हाकेला उठून बाटली बदलायला चार मिनिटं, चोवीस रुपये. शीर सापडेना म्हणून तिसऱ्यांदा सुई, बारा मिनिटं, बहात्तर रुपये. एकच माहिती चार रजिस्टरांत लिहिणं, त्याचे रुपये तुम्हीच मोजा. लिहिण्याचा वेळ बहुतेक वेळा सुईच्या वेळेला भारी पडतो, हे कुठल्याही सिस्टरला विचारा, ती हसेल.

काचेची नळी आणि वीस मिनिटं

एबीसी का हवं याचं सगळ्यात झणझणीत उदाहरण परदेशात शोधायला नको. पेरणी-खुरपणीच्या दिवसांत रात्री साडेअकराला सर्पदंशाचा पेशंट येतो. शेजारच्या खाटेवर तापाचा पेशंट आहे. रजिस्टरात दोघंही सारखेच: एक खाट, एक दिवस.

तापवाल्याला सलाईन, गोळ्या, दोन-चारदा थर्मामीटर. सर्पदंशवाल्यासाठी आधी एक साधी, जवळजवळ फुकट तपासणी होते. दोन मिलीलीटर ताजं रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत घ्यायचं आणि वीस मिनिटं हात न लावता ठेवायचं. मग नळी एकदाच तिरकी करायची. रक्त गोठलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष रक्तात भिनलंय असं समजायचं. गंमत अशी की नळी काचेचीच लागते, प्लॅस्टिकची चालत नाही. आणि साबणाच्या पावडरीनं धुतलेलीही चालत नाही. साबणाचा अंश राहिला तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि उगाच घबराट. नाग-मण्यारांचं विष मज्जासंस्थेवर जातं, तिथं ही नळी काही सांगत नाही. तिथं पापण्या जड होतायत का, श्वास नीट चाललाय का, हे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं.

पहिल्यांदा रक्त गोठलं म्हणून सुटका नाही. सुरुवातीचे तीन तास दर अर्ध्या तासानं हीच चाचणी, मग तासातासानं. विष चढलंय असं दिसलं की प्रतिविषाच्या आठ-दहा कुप्या. त्यांतली पावडर विरघळवायची. कुपी जोरात हलवली तर फेस होतो, म्हणून हळूहळू गोल फिरवत बसायचं. मग सुमारे तासाभरात सलाईनमधून द्यायची. अंगावर गांधी उठतात का, रक्तदाब उतरतो का, म्हणून ॲड्रेनॅलिन भरून हाताशी ठेवायचं आणि पेशंटजवळून हलायचं नाही. सहा तासांनी पुन्हा नळी.

इथंच एक चकवा आहे. बहुतेक औषधं वजनावर दिली जातात, प्रतिविष मात्र पाच वर्षांच्या पोराला आणि नव्वद किलोच्या गड्याला सारखंच लागतं. साप चावताना पोराचं वय विचारत नाही, विष तेवढंच सोडतो. ‘लहान पेशंट, लहान खर्च’ हा अंदाज इथं साफ आपटतो.

मानलेल्या दरानं बघू. तापवाल्यानं दिवसात सिस्टरची ४० मिनिटं घेतली: २४० रुपये. सर्पदंशवाल्यानं १५०: ९०० रुपये. सरासरीवाला हिशेब दोघांच्याही नावावर ५७० टाकून मोकळा होतो. म्हणजे ताप सव्वादोन पटींहून जास्त महाग दिसतो आणि सर्पदंश बराच स्वस्त. मग कुणीतरी वरून विचारतं, तापाच्या पेशंटवर इतका खर्च कसा? आणि सर्पदंश जास्त येणाऱ्या दवाखान्याला माणसं वाढवून मागताना दाखवायला आकडा नसतो. कुप्यांची किंमत तर यात अजून धरलेलीच नाही.

जनीच्या कामांची यादी

गंगाखेड म्हणजे संत जनाबाईंचं गाव. गोदाकाठी त्यांचं मंदिर आहे. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या या बाईनं आपल्या अभंगांत काय काय ठेवलंय बघा: दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणं, गोवऱ्या वेचणं. आणि प्रत्येक कामाला हात लावायला विठ्ठल हजर! तेराव्या शतकातली ही कामांची नोंद इतकी तपशीलवार आहे की आजच्या खर्चतज्ज्ञाला काम सुरू करायला पुरेल. देव मदतीला आला म्हणून त्याची मजुरी मात्र कुणी धरली नाही.

दवाखान्यातही अशी बिनमजुरीची माणसं असतात: नातेवाईक. पेशंटला संडासला नेणारा मुलगा, डबा आणणारी सून, तपासणीची नळी हातात घेऊन लॅबकडे पळणारा भाऊ. यांची मिनिटं सिस्टरच्या मिनिटांना वाचवतात, पण कुठल्याच वहीत चढत नाहीत. बुडालेला रोजगार त्यांच्या घरच्या खर्चात जातो. सोयाबीन काढणीत एक माणूस तीन दिवस वॉर्डात अडकला तर त्याचा भाव शेतकऱ्याला विचारा.

सत्तर हजार माणसं, एकच फॉर्म

एबीसीचं पहिलं रूप मात्र फार हट्टी होतं. त्यात प्रत्येक कर्मचाऱ्याला विचारायचं: तुमचा किती टक्के वेळ कशात जातो? कॅपलन आणि स्टीव्हन अँडरसन यांनी २००४मध्ये एका मोठ्या अमेरिकी बँकेच्या दलाली विभागाचं उदाहरण दिलं. शंभराहून जास्त ठिकाणची ७०,००० माणसं दर महिन्याला वेळेचा हिशेब भरून द्यायची, आणि तो गोळा करायला १४ माणसं पूर्णवेळ बसवलेली! खर्च मोजण्याचाच खर्च.

दुसरी गोम आणखी भारी. लोकांनी भरलेल्या टक्क्यांची बेरीज नेहमी बरोब्बर शंभर यायची. ‘माझा वीस टक्के वेळ रिकामा जातो’ असं कोण लिहून देईल? म्हणून दोघांनी नवं, सोपं रूप काढलं. टक्के विचारू नका, एका कामाला किती मिनिटं लागतात तेवढं बघा आणि मिनिटाच्या दरानं गुणा.

पालखीच्या दिवशी आणि एरवी

या नव्या रूपाचा मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे रिकामी क्षमता वेगळी दिसते. मघाच्या सिस्टरच्या १०,००० मिनिटांपैकी ६,००० वापरली गेली, तर २४,००० रुपयांचा वेळ उरला. जुना हिशेब हे २४,००० आलेल्या पेशंटांच्या डोक्यावर टाकतो. परिणाम असा की पेशंट कमी आले की प्रत्येकाचा खर्च आपोआप वाढलेला दिसतो, आणि मग ‘परवडत नाही’ म्हणून सेवा बंद करायची भाषा सुरू होते.

रिकामा वेळ म्हणजे वाया गेलेला वेळ, असं मात्र नाही. आषाढीसाठी निघालेली शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा करत गंगाखेडला येते आणि पुढं परळीकडे जाते. त्या दिवशी पायाचे फोड, उलट्या, चक्कर, सलाईन यांची रीघ लागणार हे धरूनच माणसं ठेवावी लागतात. बाळंतपणही घड्याळ बघून येत नाही. राखीव वेळ हा दवाखान्याचा धर्मच आहे. फक्त तो राखीव म्हणून लिहा, तापाच्या पेशंटच्या नावावर नको. उलट दिवसाला दोन तास चालणारं आणि बाकी वेळ झाकून ठेवलेलं मशीन असेल, तर तेही त्याच रकान्यात उघडं पडतं. कुणाला आवडो न आवडो.

डॉक्टरनं काय करू नये

मिनिटाचा दर माणसागणिक वेगळा. त्यामुळे कोणतं काम कुणी करावं याचा उलगडा होतो. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये भूलपूर्व तपासणीच्या विभागात ही मोजणी झाली, कामं नव्यानं वाटली गेली आणि दर पेशंटमागचा खर्च ३६ टक्क्यांनी उतरला.

मदुराईच्या अरविंद नेत्रालयानं हे शहाणपण हार्वर्डची वाट न बघता दाखवलं. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६मध्ये ११ खाटांवर ते सुरू केलं. तिथं सर्जनसाठी दोन टेबलं. एकावर मोतीबिंदूचं ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावर पुढचा पेशंट तयार. ऑपरेशन संपलं की डॉक्टर फक्त वळतात. सगळ्यात महाग मिनिट वाट बघण्यात जात नाही.

ज्वारीत भरलेला हप्ता

खर्च मोजला की तो भरायचा कसा हा पुढचा प्रश्न, आणि तो पैशांतच भरावा असं नाही. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाची आरोग्यविमा योजना ‘जवार योजना’ म्हणून ओळखली जाते. डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली ही योजना १९८०च्या दशकात गावोगाव पोचली. सुगीत ज्वारी आली की ऐपतीप्रमाणे पायल्या मोजून द्यायच्या आणि वर्षभर उपचारांत सवलत घ्यायची. ‘परभणी मोती’ हे ज्वारीचं वाण देणाऱ्या जिल्ह्याला यात नवल वाटू नये. सिस्टरची किती मिनिटं म्हणजे एक पायली, हे कोष्टक अजून कुणी मांडलेलं नाही!

पॅकेजचं गणित

राज्याची जीवनदायी ही आरोग्यविमा योजना २ जुलै २०१२ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. मराठवाड्यातून त्यात नांदेड होतं, परभणी नव्हतं. नोव्हेंबर २०१३मध्ये ती राज्यभर गेली आणि २०१७मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. अशा योजनांत दवाखान्याला ठरलेलं पॅकेज मिळतं. खर्च कमी झाला तर फायदा, पेशंट रेंगाळला तर तोटा. म्हणून पॅकेजचा दर आणि खरा खर्च यांत अंतर पडलं की काही ऑपरेशनं धो-धो होतात आणि काहींसाठी ‘आमच्याकडे सोय नाही’ ऐकू येतं.

२०१८मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली तेव्हा दर कशावर ठरवले यावरून बरीच ओरड झाली. मग चंडीगडच्या पीजीआयच्या पुढाकारानं अनेक राज्यांतल्या दवाखान्यांत जाऊन खर्च मोजला गेला. औषधं, हातमोजे, टाक्यांचे दोरे पेशंटनिहाय, आणि इमारत-वीज-पगार वाटून. कर्मचाऱ्यांना ‘दिवसभरात काय काय करता?’ हेही विचारलं. त्यातून मिळालेली माहिती पुढच्या दरांत वापरली गेली. काही पॅकेज वाढली, काही उतरली.

याच्या अगदी उलट टोक कोविडमध्ये दिसलं. मे २०२०मध्ये राज्यानं खासगी दवाखान्यांच्या ८० टक्के खाटांना दर बांधून दिले: साध्या वॉर्डात दिवसाला ४,०००, आयसीयूत ७,५००, व्हेंटिलेटर असेल तर ९,०००. आणीबाणीत असंच सरसकट करावं लागतं, त्यात चूक काही नाही. फक्त हे दर होते, मोजलेला खर्च नव्हता.

तीन ठिकाणची तीन बिलं

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८च्या फेरीत एकदा भरती होण्याचा पेशंटच्या खिशातला सरासरी खर्च, बाळंतपणं सोडून, सरकारी दवाखान्यात ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये निघाला. सरकारीचा आकडा छोटा आहे, पण फुकट नाही. बाहेरून आणलेलं औषध, बाहेरची तपासणी हे सगळं त्यात आहे.

शिवाय पेशंट एका जागी थांबत नाही. गंगाखेडहून परभणी सुमारे ४० किलोमीटर. तिथून गरज पडली तर नांदेड, नाहीतर अंबाजोगाई. जानेवारी २०१४पासून धावणारी १०८ची गाडी मधले दुवे जोडते, पण गाडीचा हिशेब वेगळ्या कंत्राटात, गंगाखेडचा वेगळ्या वहीत, नांदेडचा तिसऱ्याच खात्यात. पोर्टर-कॅपलन म्हणतात, दुखणं सुरू झाल्यापासून बरं होईपर्यंतचा खर्च एकत्र मोजा. आपल्याकडे ते एकत्र फक्त पेशंटच्या पिशवीत असतं: कागदांची चळत.

मोजायचंच तर

कायदाही गमतीचा. २०१४च्या कॉस्ट रेकॉर्ड्सच्या नियमांत दवाखाने येतात, पण ते कंपनी असले आणि उलाढाल ३५ कोटी किंवा त्याहून जास्त असली तरच. सरकारी दवाखाना कंपनी नाही, म्हणून सुटला. म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यानं हे करायचं तर हौसेनंच करावं लागेल. सगळं एकदम धरायची गरज नाही. साधं बाळंतपण, सिझर आणि सर्पदंश, एवढी तीन घेतली तरी बस. कामांची यादी करायची, घड्याळ लावायचं, एका पानावर लिहायचं.

दोन गोष्टींची काळजी घ्यावी. पहिली, पहिलटकरणीजवळ बसून तिला बाळ छातीशी कसं धरायचं हे शिकवणारी सिस्टर या कागदावर ‘महाग’ दिसेल. ती मिनिटं कापायला निघालेल्या साहेबाला आधी प्रसूतीच्या वॉर्डात रात्रभर बसवावं. दुसरी, एका महिन्यावर भरवसा ठेवू नये. फेब्रुवारीत मोजलं तर सर्पदंश हाताच्या बोटांवर येतील आणि सिस्टरांकडे वेळच वेळ आहे असं दिसेल. मृग लागल्यापासून सोयाबीन निघेपर्यंत मोजलं तर तीच पदं अपुरी ठरतील. मृगातला आकडा आणि माघातला आकडा शेजारी-शेजारी लिहून मगच पदांचा प्रस्ताव परभणीला धाडावा.